कवटी, कोयना आणि करावे

सीवूड्स स्टेशनबाहेरच्या मॉलकडे पाठ करून खाडीच्या दिशेनं चालायला लागलं, की हळूहळू सेक्टर संपतात आणि गाव लागतं. रुंद रस्त्याची गल्ली होते. एका घराच्या गॅलरीतून समोरच्या खिडकीत वाटीभर कालवण सहज देता यावं, एवढंच अंतर उरतं. तळमजल्यावर मूळ घरमालकाचं कुटुंब, वर तीन-चार मजले भाडेकरू. ओट्यावर सुकायला टाकलेली जाळी, तिच्या शेजारी 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी. गावाचं नाव करावे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा घाईत 'कर्वे' असं वाचलं होतं, आणि पुण्यातला रस्ता इथं कुठून आला, असं वाटून मागं वळून पुन्हा पाटी पाहिली होती.

चूक माझ्या डोळ्यांची. या आगरी-कोळ्यांच्या गावाचा आणि कोकणातून पुण्याला गेलेल्या त्या आडनावाचा काही संबंध असल्याचं मला ठाऊक नाही आणि इथं तो जोडायचाही नाही. पण त्या दिवसांत माझ्या पिशवीत इरावती कर्वे यांची पुस्तकं असायची, त्यामुळे ती चूक डोक्यातून गेली नाही. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला आल्या दिवशीच एक प्रश्न विचारला जातो. रिक्षावाला विचारतो, भाजीवाली विचारते, सोसायटीचा सेक्रेटरी तर फॉर्मच पुढं करतो. 'मूळ गाव कुठलं?' या एका प्रश्नाच्या मागं जन्मभर हिंडलेली अभ्यासक म्हणून मी इरावतीबाईंकडं पाहू लागलो. 'युगान्त'मुळं घरोघरी पोचलेल्या लेखिकेमागं वंश, विस्थापन आणि माणसाचं 'आपलं' असणं यांचा चाळीसेक वर्षांचा अभ्यास उभा आहे. त्याकडं आपण मराठी वाचकांनी फारसं लक्ष दिलेलं नाही.

त्यांचं स्वतःचं मूळ गाव सांगायचं तरी पंचाईत. जन्म १५ डिसेंबर १९०५चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत नोकरीला. मुलीचं नाव ठेवलं ते तिथल्या इरावती नदीवरून. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता आणि त्या देशाचा पदच्युत राजा थिबा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत दिवस काढत होता. म्हणजे कोकणातली माणसं पोटासाठी मंडालेच्या बाजूला आणि मंडालेचा राजा कोकणात. सात वर्षांच्या इरावतीला शिकायला पुण्यात हुजूरपागेत धाडलं. पुढं ती रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढली, फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली आणि मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडं समाजशास्त्र शिकायला आली. एम.ए.चा प्रबंध चित्पावनांवर. लग्न रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या घरात.

१९२८ साली या सुनेला जर्मनीत डॉक्टरेटसाठी पाठवायचं ठरलं, तेव्हा सासऱ्यांनी विरोध केला. स्त्रियांचं विद्यापीठ काढणाऱ्या माणसानं! दिनकररावांनी ऐकलं नाही. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले. पैशाची सोय डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन झाली आणि बाई बर्लिनला गेल्या.

*

बर्लिनच्या दाहलेम भागात १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेचं मानवशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजननाचं केंद्र उघडलं होतं. संचालक ऑयगेन फिशर. या गृहस्थांचं नाव झालं ते १९०८ साली जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, संमिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्यानं हेरेरो आणि नामा लोकांचं शिरकाण केलं होतं. मेलेल्यांच्या कवट्या पेट्यांत भरून जर्मनीला जात होत्या. विज्ञानासाठी.

फिशरनी इरावतीबाईंना विषय दिला कवटीच्या असमानतेचा. गोऱ्या युरोपियनाच्या कवटीची उजवी बाजू पुढं अधिक भरलेली असते आणि त्यातच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असं त्यांचं अनुमान. शिष्येनं मापं घ्यायची आणि गुरूचं अनुमान सिद्ध करायचं, एवढंच काम. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यातल्या काही आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. जी हाताखाली आली त्या प्रत्येक कवटीची डावी बाजू, उजवी बाजू, कपाळ, गाल. निष्कर्ष असा निघाला की कवटी थोडीफार वाकडी सगळ्यांचीच असते, आणि त्या वाकडेपणाचा वंशाशी काही संबंध नाही.

हा निष्कर्ष त्यांनी गुरूच्या हातात ठेवला. पंचविशीतली, परक्या देशातली, कर्जावर शिकणारी, साडी नेसलेली विद्यार्थिनी. फिशरनी पदवी दिली, गुण मात्र हात आखडून दिले.

इरावतीबाईंची नात ऊर्मिला देशपांडे आणि ब्राझिलियन अभ्यासक थियागो पिंटो बार्बोसा यांचं 'इरू' हे इंग्रजी चरित्र २०२४मध्ये आलं, तेव्हा बर्लिनचा हा भाग पुष्कळांना पहिल्यांदा कळला. तोवर आपल्याकडं त्याचा उल्लेख 'जर्मनीहून पीएच.डी. केली' एवढ्यावर भागायचा.

त्या १९३०मध्ये परतल्या. मागं काय घडलं, ते थोडक्यात सांगायला हवं. १९३३मध्ये हिटलर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्व रक्तावर बेतलं. मग कोण कोणाच्या पोटचा, कोणात किती ज्यू रक्त, याचे दाखले लागू लागले. फिशर आणि त्यांचे सहकारी असे दाखले लिहून देत. १९३७मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या शेकडो संमिश्र वंशाच्या मुलांची सक्तीनं नसबंदी झाली, त्यातही या मंडळींचा हात होता. पुढं आउश्विट्झहून डॉ. मेंगेलेनं नमुने पाठवले ते याच संस्थेत. आज त्या इमारतीत राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. २०१४मध्ये जवळच खोदकाम करताना हाडं सापडली. पुढच्या उत्खननांत तुकड्यांची संख्या सोळा हजारांवर गेली. मार्च २०२३मध्ये ती सगळी दाहलेमच्या स्मशानभूमीत पुरली. कोणाचं हाड कुठल्या खंडातलं, हे शोधायला पुन्हा मोजमाप करायचं नाही, असं तिथल्या लोकांनी ठरवलं. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

*

परतल्यावर इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकून दिली, असं लिहिता आलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. तसं झालं नाही. काही वर्षं एसएनडीटीत कुलसचिव म्हणून काढल्यावर १९३९पासून त्या डेक्कन कॉलेजात आल्या, आणि महाराष्ट्रभर हिंडून जातीजातींची डोकी, नाकं, उंची मोजत राहिल्या, रक्तगट तपासत राहिल्या. वि. म. दांडेकरांबरोबर त्या मापांचं पुस्तकही काढलं. गावोगाव चावडीवर माणसांना रांगेत उभं करून नाक मोजणारी बाई आज डोळ्यांपुढं आणली की अंगावर काटा येतो. हे त्यांच्या ज्ञानशाखेचंच अंग होतं, असं म्हणून मी ते सोडून देणार नाही. ज्या पट्टीनं काही सिद्ध होत नाही हे स्वतः दाखवून दिलं, ती पट्टी त्यांनी पुढं कित्येक वर्षं हातात ठेवली.

पण त्या पट्टीतून त्यांनी काढलं काय, तेही बघितलं पाहिजे. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असा सिद्धान्त मांडला होता की माणसाचं नाक जितकं बसकं, तितकी त्याची जात खालची. जात म्हणजे जणू वंश. मालवणच्या घुर्यांनी १९३२च्या पुस्तकात रिस्लेचीच आकडेवारी तपासून दाखवलं की उत्तर हिंदुस्थानाबाहेर हे गणित जमत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात हीच नाकांची मापं घेतली आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे असल्याची समजूत मोडीत काढली. साहेबाच्या पट्टीनंच साहेबाचा सिद्धान्त मोजायचा, हा त्या पिढीचा खाक्या.

इरावतीबाई गुरूपेक्षा एक पाऊल पुढं आणि वेगळ्या वाटेनं गेल्या. घुर्यांच्या मते एक मोठा समाज फुटत फुटत जाती झाल्या. बाई म्हणाल्या, नाही. 'कुंभार' ही एक जात नाहीच. वेगवेगळ्या चाकांवर, वेगवेगळ्या पद्धतीनं मडकी घडवणारे, एकमेकांत सोयरीक न करणारे, निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले गट एका धंद्यामुळं एका नावाखाली गोळा झाले. म्हणजे 'आपण इथले, एकाच मुळाचे' असं मानणाऱ्या गटाच्या पोटातही निरनिराळ्या वाटांनी आलेली माणसं बसलेली असतात. १९६१च्या त्यांच्या हिंदू समाजावरच्या पुस्तकाचा हा गाभा आहे. त्या पुस्तकाची मर्यादाही नावातच आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती शेजारी त्यांच्या परिघात क्वचितच येतात. ज्यांनी वंशाची भिंत पाडली, त्यांना हा उंबरा मात्र दिसला नाही.

'परिपूर्ती' हा त्यांचा लेख शाळेत शिकलेल्यांना आठवत असेल. सभेत ओळख करून देताना आधी कोणाची तरी सून, मग कोणाची तरी पत्नी, आणि शेवटी रस्त्यातल्या पोरांच्या तोंडी कर्व्याची आई. आपण तो लेख कौतुकानं हसत वाचतो. मला तो आता दाखल्यांविषयीचा लेख वाटतो. दुसऱ्या कोणाच्या तरी नावाखेरीज माणसाची नोंदच होत नाही.

*

आता कोयना. १९५०च्या दशकात पाटण तालुक्यात धरणाचं काम सुरू झालं आणि साठच्या दशकाच्या पूर्वार्धात पाणी अडलं. १९६२मध्ये पोफळीला वीज तयार झाली, ती मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना मिळू लागली. शिवसागर जलाशयानं शंभराच्या आसपास गावांवर आच आणली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. होता तो १८९४चा भूसंपादन कायदा, आणि तो फक्त ज्याच्या नावावर जमीन त्याला ओळखायचा. कूळ, मजूर, धनगर, बलुतेदार यांची नावं त्यात बसत नव्हती. माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी पांगली. काही जण पाण्याच्या वर डोंगरात सरकले. १९८५मध्ये तिथं अभयारण्य जाहीर झालं, २०१०मध्ये व्याघ्र प्रकल्प, आणि धरणानं एकदा उठवलेल्यांना वाघानं दुसऱ्यांदा उठवायची वेळ आणली.

इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी या विस्थापितांची पाहणी केली. डेक्कन कॉलेजनं ती १९६९मध्ये छापली. मला त्यांच्या सगळ्या कामात हे छोटं पुस्तक सर्वात मोठं वाटतं. धरणाला मंदिर मानण्याच्या त्या काळात भारतात विस्थापितांवर लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बर्लिनमधली ती मुलगी कवटीला विचारत होती, तू कोणत्या वंशाची. कोयनेच्या पाहणीत मोजायला कवटी नव्हती. होतं ते कुटुंब, जमीन, सोयरीक आणि नवी जागा. साठी ओलांडल्यावर मोजपट्टी अखेर खाली ठेवली गेली आणि प्रश्न बदलला.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई वारल्या. त्याच वर्षी, पाच महिने आधी, १७ मार्चला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली होती.

*

मुंबईच्या पूर्वेला खाडीपलीकडं नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५च्या सुमारास 'मार्ग' नियतकालिकात मांडली होती. नकाशा देखणा होता. त्या नकाशाखाली ठाणे, पनवेल आणि उरणची पंचाण्णव गावं होती. भात, मिठागरं, खाडीतली मासेमारी यावर जगणारी. सरकारी कागदांत त्यांना 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात आणि आज तेही स्वतःला तेच म्हणतात. शब्दाची गंमत बघा. ग्रस्त म्हणजे गिळलेला. चंद्राचं ग्रहण सुटतं. इथं तिसऱ्या पिढीतला मुलगा 'मी प्रकल्पग्रस्त आहे' असं छाती काढून सांगतो, कारण तो दाखला असेल तर सरकारी नोकरीत पाच टक्क्यांच्या राखीव जागांत अर्ज करता येतो, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर हक्क सांगता येतो.

ते साडेबारा टक्के फुकट मिळालेले नाहीत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यात जमिनीच्या दरासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. पाच जण गेले. आंदोलनाचं नेतृत्व जासईच्या दि. बा. पाटील यांचं. त्यानंतर १९९० आणि १९९४च्या शासन निर्णयांनी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं ठरलं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी कोंबडभुजे, तरघर, उलवे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर यांच्यासह दहा गावं उठली, तेव्हा तो आकडा साडेबावीसवर गेला. उलव्याची टेकडी फोडली, नदी वळवली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याला दिबांचं नाव द्यावं म्हणून २४ जून २०२१ रोजी हजारो लोकांनी बेलापूरच्या सिडको भवनावर धडक दिली होती. जमीन गेली, निदान नाव तरी आमचं राहू द्या, इतकं साधं मागणं. विस्थापनाच्या अभ्यासकानं ते मनावर घ्यावं असं आहे.

करावे, नेरूळ, घणसोली, दिवाळे इथल्या वाढत्या मजल्यांना महापालिका अनधिकृत म्हणते, गावकरी 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. एकाच स्लॅबची दोन नावं. कुटुंबं वाढली, गावठाण वाढलं नाही. आणि त्या वरच्या मजल्यांवर राहतात ते भाडेकरू कोण? उत्तर प्रदेश, बिहार, विदर्भ, मराठवाडा, आणि पाटण-जावळीचे. तुर्भ्याच्या बाजार समितीत पोती वाहणारे माथाडी मोठ्या संख्येनं साताऱ्याचे. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याचे. माथाडी कामगारांचा कायदाही १९६९चा, कोयनेच्या त्या पुस्तकाच्याच सालचा. प्रत्येक माथाडी धरणग्रस्त आहे, असं मुळीच नाही. पण ज्या तालुक्यानं कारखान्यांना वीज दिली, त्याच तालुक्यानं मुंबईच्या बाजाराला पाठही दिली. सुट्टी लागली की वाशीच्या हायवेवर रात्री गाड्यांची वाट पाहत पोरंबाळं घेऊन उभी असलेली माणसं बघा. पत्ता कोपरखैरण्याचा, गाव पाटणचं. 'मूळ गाव कुठलं?' याला त्यांच्याकडं दोन खरी उत्तरं असतात, आणि फॉर्मवर रकाना एकच.

भूमिपुत्र आणि उपरा हा वाद या शहरात रोज कुठं ना कुठं पेटतो. मला त्यात भूमिपुत्राची बाजू कळते, कारण गमावलं आहे ते त्यानं. पण इरावतीबाईंचा कुंभार मध्ये येऊन उभा राहतो. 'मूळचे' कोण हे ठरवायला आपण कुठलं तरी साल धरतो. महाराष्ट्राच्या अधिवासाला पंधरा वर्षं, झोपडीला एक तारीख, गरजेपोटीच्या घराला दुसरी, आसामात २४ मार्च १९७१. ज्या देशात इरावतीबाई जन्मल्या, त्या ब्रह्मदेशानं १९८२च्या कायद्यात १८२३ हे साल धरलं. त्याआधी वसलेले वंश ते आपले, नंतरचे परके. रोहिंग्यांचं नाव त्या 'आपल्या' वंशांच्या यादीत नव्हतं आणि लाखो माणसं एका सालाच्या मागंपुढं होऊन बेवतन झाली. २०१९मध्ये नेरूळला परदेशी ठरवलेल्यांसाठी स्थानबद्धता केंद्राला जागा शोधत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा माझ्या ओळखीच्या घरांत लोक कपाटं उपसून आजोबांचे दाखले शोधत बसले होते. ज्यांनी हे शहर बांधलं त्यांच्यातलेही काही जण. कवट्यांची पेटी बंद झाली, तिची जागा कागदांच्या पेटीनं घेतली.

कोयनेचे लोक अजून जमीन मागताहेत. २०१८ साली ते कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. धरणाला तेव्हा पन्नास वर्षं उलटून गेली होती. नवी मुंबईतही १९७०च्या नोटिसा ज्यांनी स्वतःच्या हातात घेतल्या, ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून करावे, शिरवणे, जुहूगाव, जासई, उलवे, जिथं कुठं हा अंक पोचेल तिथल्या वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत भूसंपादन कायद्याच्या कलम चारची नोटीस, मोबदल्याचा निवाडा, जुना सातबारा, मिठागराची पावती असं काही हाती लागलं तर रद्दीत घालू नका. लॅमिनेशनही करू नका, त्यात जुना कागद कायमचा खराब होतो. मोबाइलवर फोटो काढा, कागद साध्या कापडात गुंडाळून ठेवा, आणि तो कोणाचा, कुठल्या शेताचा, हे आजीला विचारून मागच्या बाजूला लिहा. पेन्सिलीनं लिहा. शाई फुटते.